सहा मैल आत एल्क पाडाल, पण बाहेर कसा आणाल?

पत्र

काका, सप्रेम नमस्कार. मला अरे-तुरे केलंत तरच बरं वाटेल. मी मूळचा वाईचा, सध्या कोलोरॅडोत, डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात नोकरीला, एच-१बी व्हिसावर. ऑफिसातला एक मित्र मिनेसोटात वाढला, लहानपणापासून हरणांची शिकार करत आला आहे. त्याच्या नादाने मीही यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला. ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल सीझनला आम्ही दोघं एल्क या मोठ्या जातीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहोत. सोबत नाशिकचा एक मित्र येईल. त्याच्याकडे परवाना नाही, पण ओझं उचलायला तयार आहे. नकाशावर आम्ही फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस या सरकारने राखलेल्या रानातली एक जागा हेरली आहे: गाडी लावायची तिथून सहा मैल आत, ११,००० फुटांवर. मोटारींना बंदी, त्यामुळे गर्दी नसणार, असा हिशेब. सहा मैल पुरेत की आणखी आत जावं? मांस आणायला दोन चाकांची कार्ट किंवा ई-बाइक चालेल का? माझ्या व्हिसावर रायफल घेता येते का? आणि आई फोनवर म्हणते, "हे कसलं खूळ? आपल्याकडे याला तुरुंगात टाकतात." तिला काय सांगू?

उत्तर

बरं, अरे-तुरे करतो.

सहा मैल पुरेत का, असं तू विचारतोस. मला विचारशील तर सहा मैल जास्त आहेत, आणि तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. तुम्ही आत कसं जायचं याचा विचार केलाय. एल्कच्या शिकारीचा बेत उलट्या बाजूने करायचा असतो: घरच्या फ्रीझरपासून सुरुवात करून मागे मागे जायचं, आणि जिथवर मांस खराब न होता खांद्यावरून आणता येईल तिथेच थांबायचं.

हिशेब मांडून बघ. पूर्ण वाढलेला नर सातशे पौंडांच्या घरात असतो, मादी पाचशेच्या. हाडं काढून टाकली तरी नराचं दोनशे पौंडांच्या आसपास मांस निघतं, मोठा असेल तर त्याहून जास्त. पन्नास पौंडांची एक खेप धरली तर मांसाच्या चार, डोकं-शिंगांची पाचवी आणि तुमच्या तंबू-पथाऱ्यांची सहावी. तुम्ही तिघं म्हणजे माणशी दोन खेपा. भरल्या पाठीने सहा मैल खाली, रिकाम्या पाठीने सहा मैल वर, पुन्हा भरल्या पाठीने सहा मैल खाली, असे माणशी अठरा मैल झाले. पडलेल्या झाडांवरून, कदाचित बर्फातून, पन्नास पौंड घेऊन तासाला दीड मैल चाललात तरी छान चाललात. म्हणजे एकाच एल्कला दीड दिवस. आणि टॅग, म्हणजे एकेका जनावराचे परवाने, दोन आहेत! दोघांनाही जनावर मिळालं तर अकरा खेपा, म्हणजे तिघांतल्या दोघांना माणशी बेचाळीस मैल. तुमच्यातला एकजण पाय मुरगळून बसला तर पुढचा हिशेब मी करतच नाही.

हेच अंतर दोन मैलांचं असतं, तर पहिल्या एल्कसाठी माणशी सहा मैल पडले असते. सकाळी पाडलेलं जनावर त्याच दिवशी गाडीपाशी आलं असतं. स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्याने दोन, फार तर अडीच मैलांच्या पुढे बंदूक उचलू नये, असं माझं मत आहे. तरुण मंडळी यावर हसतात. हसोत.

आता गर्दीचं. मोटार नाही म्हणजे माणूस नाही, हा समज नवख्यांमध्ये सर्रास दिसतो. चांगली मळलेली पायवाट सहा मैल आत जात असेल, तर त्या वाटेने घोडेही जातात. नकाशावर जी जागा तुम्हाला सुंदर दिसली ती तीस वर्षं घोडेवाल्यांनाही सुंदरच दिसत आली आहे. तिथे पोचल्यावर पांढरे मोठे तंबू, शेकोटीचा धूर आणि झाडांना बांधलेली दहा खेचरं दिसली तर नवल वाटून घेऊ नकोस. एल्क लांब जातो तो मैल मोजून नव्हे. जिथे माणसाला जायचा कंटाळा येतो तिथे तो जातो. रस्त्यापासून जेमतेम मैलभरावर, पण पायवाट नसलेल्या, अंगावर येणाऱ्या उताराच्या वर एखादं सपाट टप्प्याचं रान असेल, खाली आडव्या पडलेल्या झाडांचा गुंता असेल, तर तिथून शंभर माणसं मान वर न करता पुढे निघून जातात. अशा जागा शोध. नकाशावर समोच्च रेषा दाट असतील आणि मधेच थोड्या विरळ झाल्या असतील, तिथे बोट ठेव.

कार्ट आणि ई-बाइक, दोन्ही नाही. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने अशा क्षेत्रात मोटारीबरोबरच यांत्रिक वाहतूकही बंद केली आहे. साधी सायकलसुद्धा नाही, चाकाची कार्टही नाही. अपवाद व्हीलचेअरचा. वाटेत झाड आडवं पडलं तर तोडायला चेनसॉही चालत नाही, हाताची करवत न्यायची. फ्लॅट टॉप्सला हा दर्जा १९७५ मध्ये मिळाला, पण तिथल्या ट्रॅपर्स लेकची गोष्ट त्याहून जुनी आहे. १९१९ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने आर्थर कारहार्ट नावाच्या माणसाला तिथे तळ्याकाठी उन्हाळी बंगल्यांचे प्लॉट पाडायला आणि रस्ता आखायला पाठवलं. त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीच बांधू नका. आज तू तिथे चाकं नेऊ शकत नाहीस त्याचं मूळ बरंचसं त्या सल्ल्यात आहे.

तुला कार्टच वापरायची असेल तर वाइल्डरनेसच्या हद्दीबाहेरचं नॅशनल फॉरेस्ट बघ. तिथे मोटारींना बंद असलेले कितीतरी जुने लाकूडतोडीचे रस्ते आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सायकल किंवा कार्ट चालते. ई-बाइकला मात्र फॉरेस्ट सर्व्हिस मोटारगाडीच समजते. कुठल्या रस्त्यावर काय चालतं ते त्यांच्या मोटार व्हेइकल यूज मॅपवर असतं. तो फुकट मिळतो. त्यावर रस्ता दिसत नसेल तर तो मोटारीसाठी नाही, जमिनीवर चाकोऱ्या दिसल्या तरी नाही. गेटवर पाटी नव्हती ही सबब वनाधिकाऱ्यापुढे चालत नाही. शंका असेल तर रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन लाव. तिथली माणसं बोलायला मोकळी असतात आणि कुठली पायवाट झाडं पडून बंद आहे हेही सांगतात.

तुझं मन त्या सहा मैलांच्या जागेवरच बसलं असेल, तर घोडेवाल्याला पैसे दे. कोलोरॅडोत नोंदणी असलेले आणि त्या जंगलाची परवानगी असलेले आऊटफिटर, म्हणजे शिकाऱ्यांना घोड्यांवरून ने-आण करणारे, नुसतं मांस बाहेर काढून द्यायचं कामही घेतात. पण हे जनावर पाडल्यावर शोधायचं काम नव्हे. उन्हाळ्यातच फोन करायचा, दर विचारायचा, आणि मुख्य म्हणजे सॅटेलाइटवरून निरोप दिल्यावर तो किती वेळात पोचेल ते विचारायचं. "दोन दिवसांनी बघू" म्हणाला तर त्याचा तुला उपयोग नाही. नोंदणी नसलेला कुणी ओळखीतला घोडेवाला पैसे घेऊन करायला तयार झाला तर नाही म्हण, ते बेकायदा आहे. लामा (ओझी वाहणारा, उंटाच्या कुळातला प्राणी) भाड्याने देणारेही आहेत. एक लामा साठ-सत्तर पौंड सहज नेतो, आणि घोड्यांची सवय नसलेल्याला तो हाताळायलाही सोपा. माणसापेक्षा कमी कुरकुरतो, एवढं नक्की.

आता जनावर कुठे मिळेल. ऑक्टोबरच्या शेवटी सप्टेंबरसारखं नर ओरडत नाहीत. पहिल्या सीझनच्या गोळ्या ऐकून ते शहाणे झालेले असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला कुरणाच्या काठाशी चरतात आणि दिवसभर उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट, काळोख्या रानात बसून राहतात. तुमच्या त्या ११,००० फुटांवर, झाडांची हद्द संपत येते तिथे, ऊन असेल तर ते असतील. दोन फूट बर्फ पडलं तर खाली उतरतील. म्हणून एका जागेवर बेत बांधू नका. एक वरची, एक मधली आणि एक खालची अशा तीन जागा ठरवा, आणि हवा बघून त्यातली एक निवडा. खालची जागा ठरवताना खासगी जमिनीची हद्द नीट बघ. कोलोरॅडोत खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असायलाच हवी असं नाही. परवानगीशिवाय पाऊल टाकलं की गुन्हा. फोनमध्ये ऑनएक्ससारखं हद्द दाखवणारं ॲप ठेव आणि नकाशा आधीच डाऊनलोड कर, वर रेंज नसते.

वारा मात्र कुठल्याही ॲपपेक्षा जास्त शिकवतो. डोंगरात ऊन पडेपर्यंत थंड हवा उतारावरून खाली वाहते. नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापलं की ती वर चढू लागते, आणि संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. म्हणजे सकाळी खालून वर चढत गेलास तर तुझा वास तुझ्या मागे राहील, आणि अकरा वाजता तिथेच खाली बसलास तर तोच वास सगळ्या रानाला तुझ्या येण्याची दवंडी देईल. खिशात राखेची पुरचुंडी ठेव. दर दहा मिनिटांनी चिमूटभर सोड आणि कुठे जाते ते बघ. तुझा मिनेसोटाचा मित्र मचाणावर बसून शिकार करणारा असणार. त्याला हे वाऱ्याचं उलटसुलट नवीन असेल, कारण तिकडे डोंगरच नाहीत. त्याला गोळी तुझ्यापेक्षा चांगली मारता येईल, जागा निवडण्याचं मात्र त्याच्यावर टाकू नकोस.

गोळी झाडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचार. पहिला: हे काय आहे? फ्लॅट टॉप्समध्ये मूसही आहेत, आणि दर वर्षी कुणीतरी एल्क समजून मूस मारतो. मूस काळपट, नाकाड मोठं, गळ्याखाली लोंबणारी पिशवी. एल्कची मान गडद तपकिरी आणि ढुंगण फिकट पिवळसर. नराचा टॅग असेल तर बहुतेक युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंचांचं लागतं. ते दुर्बिणीतून मोजता आलं नाही तर गोळी नाही. दुसरा प्रश्न: हे जनावर इथेच पडलं तर? दरीच्या तळाशी, दोन हजार फूट खाली, सूर्य मावळताना उभा असलेला नर बघून हात शिवशिवतात. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी झाडता येते. पण तिथून मांस वर काढायला तुम्हाला रात्र आणि दुसरा अख्खा दिवस लागेल, आणि जखमी होऊन तो आणखी खाली गेला तर अंधारात शोधावं लागेल. त्याला जाऊ दे.

पडल्यावर आधी टॅग. सही, तारीख, जनावराला लावायचा, मग फोटो. आणि एक लक्षात ठेवा: तुझ्या टॅगवर तूच, मित्राच्या टॅगवर तोच. "माझा झाला, आता तुझाही मीच पाडतो" हे कोलोरॅडोत चालत नाही, नाशिककराने तर बंदुकीला हातच लावायचा नाही. त्याने भगवं मात्र घालावं. तुम्हा दोघांना तर ते सक्तीचंच आहे: कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकतं भगवं किंवा गुलाबी, आणि डोक्यावर तशीच सगळीकडून दिसणारी टोपी. भगव्या रंगावर झाडापानांची नक्षी असलेलं घेऊ नका, ते मोजत नाहीत.

मग सुरी. पोट न फाडता तोडायची पद्धत शिकून घे, त्यात घाणही कमी आणि वेळही. जनावर कुशीवर पडलेलं असतं. पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातडीला एक चीर द्यायची आणि कातडी पोटाच्या बाजूला सोलत न्यायची. पुढचा पाय हाडाच्या सांध्यात बसलेला नसतो, नुसत्या मांसाने बरगड्यांना धरलेला असतो. पाय वर उचलून धरायचा आणि खालून सुरी फिरवत गेलं की खांदा अलगद सुटून हातात येतो. मागची मांडी मात्र खुब्याच्या वाटीत अडकलेली असते. तिथे हाडाच्या कडेकडेने जायचं, वाटी दिसली की सांध्यातला पांढरा बंध कापायचा, आणि एवढं सगळं वजन अचानक अंगावर येतं म्हणून दुसऱ्याने पाय धरून ठेवायचा. मग पाठीचा लांब पट्टा, मग मानेचं मांस. जनावर पलटी करून दुसरी बाजू तशीच. सगळ्यात शेवटी शेवटच्या बरगडीमागे हात घालून, पोट खाली दाबून, कण्याच्या आतल्या बाजूचे दोन मऊ पट्टे काढायचे. एका मांडीला लिंगाचा पुरावा निसर्गतः जोडलेला राहू दे, ते कायद्याने लागतं. चारही पाय, पाठीचे आणि आतले पट्टे, काहीच मागे ठेवता येत नाही. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे.

मांस कशाने बिघडतं? उष्णतेने, आणि ती उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा आधी जनावराच्या आतच असते. एल्कची कातडी इतकी उबदार की बाहेर पाणी गोठत असलं तरी खुब्याच्या सांध्याजवळ मांस रात्रभर गरम राहून हाडापाशी आंबतं. म्हणून कातडी लगेच, मग हवा. सुटलेला प्रत्येक तुकडा हवा खेळेल अशा कापडी गेम बॅगेत घालून सावलीत फांदीला टांग, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात कोंबू नकोस. ओढ्याकाठची सावली सगळ्यात थंड, रात्रीची गार हवा तिथे साचते. धड पडलं असेल तिथून शंभर यार्डांवर मांस न्या, अस्वल आलं तर ते आतडी-कोथळ्यावर येऊ दे. कोलोरॅडोतली अस्वलं ‘ब्लॅक बेअर’ जातीची, भित्री असतात, तरी दुसऱ्या खेपेला परत जाताना मोठ्याने गप्पा मारत जा. गाडीत आधीच बर्फ भरलेले मोठे कूलर हवेत, कारण ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, पोचलेलं मांस पुढे चार-पाच तास हीटर लावलेल्या गाडीत बसून घरी येतं, आणि लोक नेमकं तिथे सगळं घालवतात.

डोकं का आणायचं असं विचारशील. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा हरणांचा रोग कोलोरॅडोत १९६० च्या दशकात पहिल्यांदा दिसला आणि आता राज्याच्या बऱ्याच भागांत पसरला आहे. तपासणी गळ्याजवळच्या गाठींची होते, त्या डोक्याबरोबर येतात. माणसाला हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही, पण रोगी जनावराचं मांस खाऊ नये असाच सरकारी सल्ला आहे. काही युनिटांना काही वर्षी तपासणी सक्तीची असते. तुझ्या युनिटला नसली तरी करून घे, आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव घालून गोठवून ठेव. महाराष्ट्र मंडळाच्या लोकांना वाटत सुटू नकोस.

मुक्कामाबद्दल थोडक्यात. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट. तिथून एका दिवसात ११,००० वर जाऊन झोपलास तर डोकं धरून बसशील. पहिली रात्र ट्रेलहेडपाशी काढा. पोटात ढवळून डोकं दुखलं तर विश्रांती. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली. सॅटेलाइटवरून निरोप देणारं यंत्र तिघांत एक तरी हवंच. खाण्याचं आपल्याकडे लोकांना सुचत नाही म्हणून सांगतो: त्या उंचीवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, साधी तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटाखाली कचकचते. डाळ-तांदूळ घरी ठेवा. पिठलं मात्र मस्त होतं: भाजलेलं बेसन, वाळवलेला कांदा, तिखट-मीठ-हळद घरूनच एकत्र करून पुड्या बांधायच्या, वर नुसतं पाणी. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू. वजनाला हलके आणि अंगात ऊब धरणारे. गॅसचा डबा रात्री पथारीत घेऊन झोप, सकाळी गारठला की पेटत नाही. आणि आजपासून पाठीवर ओझं घेऊन चालायला लाग; पंधरा पौंडांपासून सुरू करून पन्नासपर्यंत, तेही जिन्यावरून उतरताना. गुडघे चढताना नाही जात, उतरताना जातात.

टॅग दुकानात मिळेल की सोडतीने, हे यंदाच्या बिग गेम ब्रोशरमध्ये, म्हणजे मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या सरकारी पुस्तिकेत, युनिट नंबरासकट बघ. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत बर्फाने फार जनावरं गेली आणि तिकडचे परवाने कमी केले गेले, त्यामुळे मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. ऑगस्टमध्ये एकदा तिथे जाऊन या, रात्रीचा मुक्काम करा, आणि पन्नास पौंडांचं पाणी पाठीवर घेऊन ठरवलेल्या जागेपासून गाडीपर्यंत चाला. सहा मैलांचं भूत बहुतेक तिथेच उतरेल.

आईचं म्हणणं तिच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि तशी व्हायलाच हवी होती. तिला इथली हकीकत सांग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते. मग शिकार आवळली, शेजारच्या वायोमिंगमधून एल्क आणून सोडले, आणि आज जगातले सगळ्यात जास्त एल्क याच राज्यात आहेत. ते सांभाळायचा खर्च मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्या परवान्यांतून निघतो. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्राचा करही १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांकडेच जातो. किती जनावरं मारायची हे दर वर्षी राज्य ठरवतं, आणि शिकारीचं मांस विकायला बंदी आहे. एवढं ऐकूनही ती "तरी पण" म्हणाली तर वाद घालू नकोस. ऐन दिवाळीच्या सुमाराला मुलगा बर्फात जाऊन झोपणार, यातलं अर्धं दुखणं ते आहे. आणि साधारण पाचांतल्या एकालाच एल्क मिळतो हेही सांग, तिला तेवढाच दिलासा.

शेवटी व्हिसा, कारण यात चूक झाली तर एल्कपेक्षा महागात पडेल. केंद्राच्या कायद्याने एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तेव्हा क्रम असा: आधी परवाना, मग दुकान. मित्राची रायफल मैदानावर हातात घेणंही बाळगणंच आहे, त्यामुळे परवाना येईपर्यंत तेही नको. दुकानात परवाना, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा. कोलोरॅडोत दुकानदाराने तुझी पार्श्वभूमी तपासायला घेतल्यावर किमान तीन दिवस थांबावं लागतं, तेव्हा सीझनच्या आदल्या आठवड्यात धावू नकोस. एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) लागतं, साधी बोल्टची .३०८ किंवा .३०-०६ घे आणि उरलेले पैसे बुटांवर घाल. इमिग्रेशनच्या वकिलाला हे सगळं एकदा लेखी विचारून ठेव, विशेषतः ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर. घरी बायको एच-४ वर असेल तर तिलाही तोच नियम, म्हणून कपाटाला कुलूप आणि किल्ली तुझ्याकडे. आणि वार्षिक परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते. रायफल कपाटात आणि परवाना कालबाह्य, अशी एक रात्रही जाता कामा नये. शिकारीला जायचं असो वा नसो, मार्चमध्येच पुढच्या वर्षाचा परवाना काढून ठेव. लहान प्राण्यांचा स्वस्तातला असला तरी चालतो.